कटअवे घ्यावी की साधी?

अकूस्टिक गिटार घ्यायला निघालात की हा प्रश्न अडवतोच. कटअवे म्हणजे जिच्या बॉडीचा नेकजवळचा (दांड्याजवळचा) एक खांदा कापलेला असतो ती गिटार; त्यामुळे हात बॉडीजवळच्या सुरांपर्यंत पोचतो. उत्तर शोधण्याआधी फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, मोजा. मार्टिन कंपनीच्या डी-२८सारख्या ड्रेडनॉटला, म्हणजे मोठ्या रुंद बॉडीच्या गिटारला, २० फ्रेट असतात आणि १४व्या फ्रेटला नेक बॉडीला जुळते. म्हणजे कटअवेचा सगळा वाद वरच्या सहा फ्रेटचा आहे. भावगीताला किंवा भजनाला कॉर्डची साथ करणाऱ्याचा हात सातव्या फ्रेटपुढे क्वचितच जातो. त्याला साधी गिटार पुरेपूर.

पण कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावला की हिशेब बदलतो, आणि खरेदीच्या वेळी हेच कुणाच्या लक्षात येत नाही. कॅपो तिसऱ्या फ्रेटवर असेल तर मोकळ्या तारेचा वरच्या सप्तकातला सूर बाराव्याऐवजी पंधराव्या फ्रेटवर जातो, म्हणजे थेट बॉडीवर. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी गाण्यामधला म्युझिक पीस असाच कॅपो लावून वाजवत होती. पंधराव्यावरून सतराव्यावर जाताना तळवा गिटारच्या खांद्याला टेकायचा, मनगट वाकडं व्हायचं आणि तार अर्धवट दबून सूर खरखरायचा. तिला माझी कटअवे दिली आणि तोच तुकडा लगेच स्वच्छ वाजला. बोटांची तयारी होतीच, जागा नव्हती.

अर्थात कटअवेनेही सगळं मोकळं होत नाही. नेकच्या मागचा हीलचा जाड भाग तिथेच असतो, त्यामुळे अंगठा अडतो. पातळ तारांवर फायदा भरपूर होतो, जाड तारांवर बेताचाच.

कट घेतल्यावर आवाज कमी होतो का? गिटारची टॉप (पुढची फळी) सर्वात जास्त थरथरते ती ब्रिजच्या, म्हणजे तारा बॉडीवर जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, आसपास, खालच्या रुंद भागात. कटच्या जवळची टॉप फिंगरबोर्ड आणि आतल्या आडव्या पट्टीमुळे आधीच ताठ असते. त्यामुळे फरक अगदी थोडा. एकाच मॉडेलच्या दोन गिटारींतही कानाला जाणवण्याइतका फरक असू शकतो, म्हणून आवाजाच्या भीतीने कटअवे नाकारू नका.

वाजवणाऱ्यांचं काय? ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतातले गिटारवादक टोनी राईस यांची १९३५ची डी-२८ विनाकटची. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्या सेल्मर कंपनीच्या गिटारला कट, कारण त्यांचे एकेरी सूर नेकभर धावत. ज्याचा हात जिथे जातो, तशी त्याची गिटार.

किमतीत मात्र सावध राहा. लाकडाची बाजू कटसाठी वाकवणं कष्टाचं काम आहे, आणि कटअवेबरोबर बहुधा पिकअपही (आवाज स्पीकरपर्यंत नेणारं विजेचं उपकरण) येतो. यामाहाची एफजी८०० विनाकटची आहे; तिची बहीण एफजीएक्स८००सी कट आणि पिकअप दोन्ही घेऊन येते. स्टेजवर वाजवायचं नसेल तर पिकअपचे पैसे उगाच जातात. माझं मत विचाराल तर पहिली गिटार साधी घ्या आणि वाचलेल्या पैशांत ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, नीट लावून घ्या. फिंगरस्टाईल (बोटांनी तारा छेडून) किंवा लीड (एकेरी सुरांचे तुकडे) वाजवायचं पक्कं असेल तर मात्र कटअवेच.

दुकानात एक करून बघा. बसून, तिसऱ्यावर कॅपो लावून, पहिल्या तारेवर सतरावा फ्रेट दाबा आणि मनगटाकडे लक्ष द्या.