४०१के मधला ‘कंपनी स्टॉक फंड’ : ५ पैकी २ स्टार

इथे अमेरिकेत बऱ्याच कंपन्यांच्या ४०१के (पगारातून रिटायरमेंटसाठी पैसे साठवायचं खातं) मेनूत इंडेक्स फंड, टार्गेट डेट फंड वगैरेंच्या खाली हळूच एक ऑप्शन असतो, आपल्याच कंपनीचा शेअर. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी चांगलं. खर्च जवळपास नाहीच, एका शेअरला मॅनेज काय करणार. आणि टॅक्सची एक भारी सोय आहे, नेट अनरियलाइज्ड ॲप्रिसिएशन, म्हणजे नोकरी सोडल्यावर ४०१के पूर्ण रिकामं केलं आणि शेअर साध्या ब्रोकरेज अकाउंटला नेले तर त्या वर्षी इन्कम टॅक्स फक्त मूळ खरेदी किमतीवर, तोपर्यंत वाढलेल्यावर नंतर विकताना लाँग टर्म कॅपिटल गेन्सचा कमी दराचा टॅक्स. एचआरला विचारू नका, त्यांना माहीत नसतं.

आता लिमिटचं बघा, इथेच माझे स्टार गेले. १९७४ चा एरिसा कायदा म्हणतो की जुन्या पद्धतीच्या (ठरलेली पेन्शन देणाऱ्या) पेन्शन फंडाने स्वतःच्या कंपनीत १०% च्या वर पैसे घालायचे नाहीत. त्या पेन्शनमध्ये पैसे कमी पडले तर भरणार कंपनी, आणि कंपनीच बुडाली तर पीबीजीसी ही सरकारी संस्था ठराविक मर्यादेपर्यंत देते. ४०१के ला यातलं काहीच नाही, सगळी रिस्क आपली, आणि नेमकं तिथे आपण स्वतः निवडलेल्या पैशाला १०% चं लिमिट लागत नाही! छत्रीवाल्यालाच रेनकोट, असला प्रकार.

एन्रॉन ही एनर्जी कंपनी आठवतेय ना, २००० च्या शेवटी त्यांच्या ४०१के मधला ६०% हून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता, डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत, नोकरी पण गेली आणि म्हातारपणची सोय पण. मग २००६ च्या पेन्शन प्रोटेक्शन ॲक्टने लिस्टेड कंपन्यांमध्ये आपल्या पगारातून गेलेला पैसा शेअरमधून कधीही बाहेर काढायचा हक्क दिला, कंपनीने टाकलेला ३ वर्षांच्या नोकरीनंतर. लिमिट तेव्हाही घातलं नाही. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांचा मालक मॅक्सवेल याने आपल्याच मिरर ग्रुपच्या पेन्शनवर मारलेला हात १९९१ ला उघडा पडला, तिकडे पेन्शन स्कीमला मालक कंपनीत ५% ची मर्यादा आहे.

आमच्या प्लॅनने स्वतःहून २०% चं लिमिट ठेवलंय, त्याचा एक स्टार. (दुसरा टॅक्सचा.) पण ते फक्त नवीन पैशाला, शेअर चढला की जुना हिस्सा आपोआप ३०-३५% होतो आणि वेबसाइट ढिम्म, एक ईमेल नाही. ऑटो रिबॅलन्स (हिस्से आपोआप ठरलेल्या प्रमाणात परत आणणं) ऑन केलं तरी कंपनी शेअर त्यातून वगळलेला, तेही बारीक अक्षरात. आरएसयू (पगाराचा भाग म्हणून मिळणारे कंपनीचे शेअर) आणि ईएसपीपी (पगारातून सवलतीत घेतलेले कंपनीचे शेअर) तर या हिशोबात कुठेच नाहीत, ते आपलं आपणच धरायचं. एच१बी व्हिसावाल्यांनी तर जास्तच, नोकरी गेली की देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस हातात आणि नेमका तेव्हाच शेअरही पडलेला असू शकतो.

माझं म्हणाल तर ५% च्या वर ठेवत नाही. कमी करायचं असेल तर दोन ठिकाणी बदलावं लागतं, साठलेला बॅलन्स वेगळा आणि पुढची कॉन्ट्रिब्युशन वेगळी, बरेच जण पहिलंच बदलतात आणि पुढच्या पगाराला परत शेअर येऊन बसतात.