पोटासाठी हिप्नोथेरपी घेतली, आठ सेशनचा अनुभव

हिप्नोथेरपीला, म्हणजे संमोहनाच्या उपचाराला जातेय म्हणलं तर आमच्या घरात पहिला शब्द निघाला तो वशीकरण. सासूबाई म्हणाल्या, अगं ती बाई तुला झोपवेल आणि काहीबाही वदवून घेईल, एकटी जाऊ नकोस. त्यांची काळजी मला कळत होती, कारण मला पण आतून तीच भीती होती. म्हणून सविस्तर लिहितेय, कोणी माझ्यासारखं अडून बसलं असेल तर उपयोग होईल.

मला आयबीएसचा, म्हणजे तपासणीत काही सापडत नाही तरी पोट दुखतं आणि बिघडतं त्या आजाराचा त्रास सात वर्षं. रक्त, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी सगळं नॉर्मल, गोळ्या चालू, पथ्य चालू, तरी साताऱ्याला माहेरी जायचं म्हणलं की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा. एसटीत बसायचं नाही, खंबाटकी घाटात गाडी अडकली तर काय करायचं हाच विचार. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनीच सांगितलं की एकदा हिप्नोथेरपी करून बघा, मेंदू आणि आतड्यांचं एकमेकांशी सतत बोलणं चालू असतं आणि तुमच्यात ते जरा जास्त भडक झालंय. ह्याच्यावर मँचेस्टरमध्ये 1984 साली 30 पेशंटवर अभ्यास झाला होता आणि इंग्लंडच्या सरकारी गाईडलाईनमध्ये पण आहे, की 12 महिने औषधं घेऊन फरक नसेल तर हा पर्याय विचारात घ्यावा. म्हणजे हे जादूटोण्यातलं नाही हे तरी कळलं.

मी गेले ते पुण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे. पहिल्या दिवशी संमोहन वगैरे काहीच नाही, तासभर नुसते प्रश्न. रिपोर्ट बघितले, कधी भास झालेत का, मानसिक आजाराचं औषध चालू आहे का हे पण विचारलं, कारण काही आजारांमध्ये हे करत नाहीत म्हणे. लंबक नाही, डोळ्यात डोळे घालून बघणं नाही. एक साधी मागे रेलायची खुर्ची आणि पंखा.

दुसऱ्या वेळी डोळे मिटायला सांगितले, श्वास, मग खांदे सैल, मग हात पोटावर ठेव आणि तळव्याची ऊब आत उतरतेय असं मनात आण. मग नदी. पावसाळ्यात गढूळ, उसळलेली, आणि हळूहळू संथ होत जाणारी, आणि ती नदी म्हणजे तुझं पोट. मला आपोआप साताऱ्याजवळचा माहुलीचा संगमच दिसला. आणि ह्या सगळ्यात मला खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता तो स्पष्ट ऐकू येत होता! मला वाटलं माझ्यावर परिणामच होत नाहीये. नंतर मॅडमनी सांगितलं की असंच असतं, ही झोप नाहीच. हिप्नोटिझम हा शब्द रूढ केला जेम्स ब्रेड नावाच्या सर्जननी 1843 मध्ये, झोपेच्या ग्रीक शब्दावरून, आणि पुढे त्यांना स्वतःलाच ते नाव चुकीचं वाटायला लागलं, पण तोवर ते चिकटलं होतं.

तिसऱ्या सेशनला माझा फोन सायलेंट करायचा राहिला आणि शाळेतून कॉल आला. मी डोळे उघडले, बोलले, मुलाला ताप होता तर नवऱ्याला पाठवलं आणि परत येऊन बसले. त्या दिवशी माझी भीती खरी गेली. कोणी मला कुठे अडकवून ठेवलेलं नव्हतं, नको ते कोणी बोलायला लावत नव्हतं, सगळं मीच करत होते, मॅडम फक्त वाट दाखवत होत्या.

आता पैसे आणि मेहनत. सेशनला 1500, आठ सेशन झाली, आणि रोज घरी 20 मिनिटं ऑडिओ लावून सराव. हा सराव टाळला तर काही उपयोग होत नाही, माझा मधला एक आठवडा लग्नात गेला तर पोट लगेच बिघडलं. आणि हे सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, मॅडमनी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं, ते मला फार आवडलं. माझं पोट फुगणं अजून आहे, पण कळा खूप कमी झाल्या आणि घाईघाईने पळावं लागणं जवळपास थांबलं.

एक मात्र कळकळीने सांगते. ह्याच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते, तिथे माझे रिपोर्ट न बघताच मागच्या जन्मात पोटावर वार झालाय म्हणून सांगितलं आणि पॅकेजचे पैसे आधी मागितले. कृपया असल्या ठिकाणी जाऊ नका. संमोहनात जे आठवतं ते खरं घडलेलंच असतं असं अजिबात नाही, उलट त्या अवस्थेत सुचवलेलं चित्र माणसाला आठवण वाटू शकतं आणि आयुष्यभर छळू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन विचारा, सायकियाट्रिस्ट असतील तर मेडिकल कौन्सिलचं, आणि आधी पोटाच्या तपासण्या पूर्ण करून घ्या. वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर थेट डॉक्टर, हे नाही.

गेल्या महिन्यात सासूबाईंना घेऊन एसटीने साताऱ्याला गेले. खंबाटकीला गाडी पाऊण तास थांबली होती. पोटावर हात ठेवून नदी आठवत बसले, आणि त्या शेजारी भुईमुगाच्या शेंगा सोलून देत होत्या, त्या मी खाल्ल्या.