खालून खडखडतंय? सर्विस सेंटरची लिफ्ट की मिस्त्रीचा खड्डा

गाडीच्या खालून आवाज यायला लागला की इंदूरात आपल्यापुढे दोन दारं असतात: कंपनीचं सर्विस सेंटर, नाहीतर गाडीखाली उतरायला खड्डा असलेलं मिस्त्रीचं गॅरेज. अलाइनमेंटवाले तिसरे, पण त्यांचं काम वेगळं. स्टिअरिंग ऐंशी-नव्वदच्या वेगाला थरथरत असेल आणि बाकी सगळं शांत असेल, तर आधी त्यांच्याकडे जाऊन चाकं बॅलन्स करून घ्यावीत. पावसाळ्यात त्याच्याही आधी रिमच्या आतल्या बाजूला हात फिरवून पाहा. माळव्यातली काळी माती तिथे चिकटून वाळली की चांगलं बॅलन्स केलेलं चाकही थरथरतं, आणि पाण्याच्या एका जोरदार फवाऱ्याने बरं होतं.

खडखडाटाचं तसं नाही. माझ्या गाडीचा आवाज पुढून, डावीकडून यायचा. रामबागेच्या गल्ल्यांत वीस-पंचवीसच्या वेगाने, उखडलेल्या डांबरावर टक-टक, टक-टक. आग्रा-मुंबई रस्त्याला लागलं की चिडीचूप. ब्रेक हलका दाबून धरला तरी आवाज तसाच, म्हणजे पॅड वाजत नव्हते. उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तरी काही नाही, त्यामुळे शॉकरच्या वरच्या माउंटिंगवरही फारसा संशय नव्हता.

एवढं सगळं मी सर्विस सेंटरला सांगितलं. समोरच्या माणसाने अगदी आदराने ऐकून घेतलं आणि जॉबकार्डावर लिहिलं, ‘फ्रंट नॉइज चेक’. माझा पहिला आणि खरा त्रास हाच. ज्याने ऐकलं तो गाडीखाली जाणार नव्हता, आणि जो गाडीखाली जाणार होता त्याच्यापर्यंत तीन शब्द पोचले. वेग, रस्ता, डावी बाजू सगळं काउंटरवरच राहिलं. संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून मिळाली, शेरा ‘आवाज आढळला नाही’. पुढच्या खेपेला दोन्ही शॉकर बदलण्याचा अंदाजपत्रकी आकडा पुढे आला.

त्यांची नियत वाईट होती असं मी म्हणणार नाही. अडचण लिफ्टची आहे. दोन खांबांची लिफ्ट गाडीला पोटाखालून उचलते. चारही चाकं अधांतरी लोंबतात, सस्पेन्शन पूर्ण ताणलं जातं आणि रस्त्यावर ज्या जोडावर भार येतो त्यावर तो येतच नाही. लिंक रॉडचा, म्हणजे सस्पेन्शनला अँटी-रोल बारशी जोडणाऱ्या छोट्या दांडीचा, झिजलेला बॉल अशा वेळी घट्ट असल्यासारखा वाटू शकतो. हाताने हलवला तर बऱ्याचदा खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवत नाही.

मिस्त्रीच्या खड्ड्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या वजनानिशी उभी असते. पण त्याआधी त्याने काय केलं, ते मला जास्त मोलाचं वाटलं. तो शेजारच्या सीटवर बसला, काचा खाली करायला लावल्या, एसी आणि रेडिओ बंद करायला लावला आणि म्हणाला, ‘भिया, जिधर बजती है उधर ले चलो।’ मी त्याच उखडलेल्या तुकड्यावर गाडी नेली. परत आल्यावर तो खड्ड्यात उतरला. दोन पोरं पुढच्या मडगार्डवर जोर देऊन गाडी खालीवर हलवत होती आणि खाली त्याची बोटं एकेका जोडावर टेकलेली. लोअर आर्मचा बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या जोडातलं रबर, काही नाही. स्टिअरिंगचा रॉड एंड, काही नाही. डाव्या लिंक रॉडवर त्याने मलाही बोट ठेवायला लावलं. गाडी दबली की बोटाखाली ‘टक’ असा बारीक ठोका लागत होता. उजवीकडच्या लिंकवर तो नव्हता. त्याने जोडी बदलली, आवाज गेला. शॉकर अजून तेच आहेत.

एका गाडीवरून सगळ्या शहराचा निवाडा करू नये हे खरं. काही बाबतींत सर्विस सेंटरच बरं. गाडी वॉरंटीत असेल तर दुसरीकडे नेऊच नका. वेगाबरोबर वाढत जाणारी घुंऽऽ अशी गुणगुण असेल, गाडी डावीकडे वळवल्यावर ती वाढत असेल, तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर. तिथे लोंबतं चाक उपयोगाचंच, कारण ते हाताने फिरवून पाहता येतं. पूर्ण वळणावर कट-कट वाजणाऱ्या एक्सलचं फाटलेलं रबरी बूट आणि उडालेलं ग्रीस लिफ्टवर चटकन दिसतं. आणि जॅक-विटांवर गाडी चढवून खाली घुसणारं गॅरेज असेल तर तिथून सरळ गाडी काढावी, मिस्त्री कितीही हुशार असो.

पत्र्याचा आवाज असेल तर मात्र मी निःशंकपणे खड्ड्यावरच जाईन. सायलेन्सरच्या पाइपावरची हीट शील्ड पातळ असते, तिच्या बोल्टाभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं होतं आणि इंजिन ठरावीक फेऱ्यांवर आलं की ती झणझणते. सर्विस सेंटरला बहुधा पूर्ण भागाची ऑर्डर निघते. मिस्त्री पाइप थंड होऊ देतो, मुठीने ठोकून झणझणणारी जागा शोधतो आणि स्टीलचा लांब क्लॅम्प आवळून देतो. शील्ड काढून फेकू मात्र देऊ नका, वरच्या वायरिंगला आणि फ्लोअरला उष्णतेपासून तीच वाचवते.

तरीही सर्विस सेंटरलाच जायचं ठरलं, तर दोन गोष्टींचा आग्रह धरा. गाडीखाली जाणाऱ्या टेक्निशियनलाच शेजारी बसवून त्या रस्त्यावर न्या. आणि तपासणी दोन खांबांच्या लिफ्टवर न करता अलाइनमेंटच्या रॅम्पवर करायला सांगा, तिथे गाडी चाकांवर उभी राहते. मला तेव्हा हे सुचवणारं कोणी नव्हतं, आणि विनंती केली तर बरेच जण ऐकतात असं आता दिसतं.

लोअर आर्मचे बुश बदलायचे असतील तर हा रॅम्प किंवा खड्डा आणखी महत्त्वाचा. चाकं लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी सैल बसवून, गाडी चाकांवर उभी करून शेवटचा आवळ द्यायचा असतो. काम देण्याआधी मिस्त्रीला किंवा टेक्निशियनला एवढंच विचारा, शेवटचा आवळ कधी देणार?