आरएक्स १०० चं पिस्टन किट: दोन डबे उघडून पाहिले

माती उडवायला ठेवलेली आमची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल पुन्हा उघडली. बोअर, म्हणजे पिस्टन चालतो त्या सिलिंडरच्या भोकाचा व्यास, मुळात ५० मिमी. लायनर (आतलं अस्तर) बिडाचा, त्यामुळे रिबोअर करून, म्हणजे भोक कापून मोठं करून, ०.२५ मिमीच्या पायरीने मोठा पिस्टन टाकता येतो. ब्लॉकमध्ये (सिलिंडरमध्ये) उभे ओरखडे होते, म्हणून थेट ०.५० मिमी मोठा घेतला.

दुकानदाराने आधी बिननावाचं स्वस्त किट पुढे केलं. पिस्टन दिसायला चकाचक, पण रिंगच्या खाचेतली रिंग जागेवर धरणारी ती बारीक लोकेटिंग पिन नखाने हलत होती. टू-स्ट्रोकमध्ये ही पिन सुटली की रिंग फिरते, तिचं टोक पोर्टात (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत) अडकतं आणि ब्लॉकचीच वाट लागते. डबा तिथेच परत केला.

दुसरं, कंपनीचं कास्ट (ओतीव पिस्टनचं) किट महाग पडलं, पण माल चोख. स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) गुळगुळीत, पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी गजन पिन बोटाने दाबून सरकते, ती अडवणाऱ्या सर्कलिप नव्या. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या पिस्टनचा मोह झाला होता. तो मजबूत खरा, पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) जास्त ठेवावा लागतो आणि थंड इंजिन पिळायची सोय राहत नाही. आमच्या पोरांना गाडी गरम होईपर्यंत धीर कुठला!

लेथवाल्या काकांना पिस्टन हातात देऊनच बोअर करायला सांगा, डब्यावरच्या आकड्यावर नको. रिंग नुसती बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तिच्या दोन टोकांमधला गॅप बघा. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला.

सध्या स्टार्ट अर्ध्या किकला, खडखड नाही. पाचपैकी साडेचार, अर्धा गुण किमतीचा कापला.