बासरी घ्यावी की क्लॅरिनेट?

भजनाला साथ करता येईल असं फुंकवाद्य शिकायचं मनात आहे, पण बासरी की क्लॅरिनेट यावर घोडं अडलंय, असं म्हणणारे दोघेतिघे गेल्या महिन्यात भेटले. मी चार वर्षं क्लॅरिनेट वाजवलं, त्यानंतर बासरीकडे वळलो. मोजमाप करायची यंत्रं माझ्याकडे नाहीत. फोंड्याच्या आसपासच्या देवळांत, शेजारी पेटी आणि समोर पखवाज अशा बैठकीत जे अनुभवलं तेवढंच सांगतो.

क्लॅरिनेटच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. गोव्यात आपण बँड ऐकतच वाढतो, त्यामुळे ते परकं वाटत नाही आणि शिकवणारेही मिळतात. टाळांच्या गजरात त्याचा आवाज बुडत नाही. पाच तुकडे सुटे करून त्याच्या खोक्यात घातले की स्कूटरच्या डिकीत मावतं. लांब बासरी पाठीला बांधून पावसात फिरणं किती जिकिरीचं, ते फिरणाऱ्यालाच ठाऊक. आणि त्याचे खालचे सूर! तेवढ्याच लांबीच्या बासरीपेक्षा क्लॅरिनेट जवळपास एक सप्तक खाली बोलतं. संथ अभंगाला ते सूर असे काही भरून येतात की अजूनही आठवण येते.

तरी मी ते सोडलं, आणि कारण एकच. श्रावणातला सप्ताह होता. बुवांनी काळी एक घेतली होती, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा, आणि अंतऱ्याला ते तार षड्जावर, वरच्या सप्तकातल्या सावर गेले. मी मध्य षड्जाची बोटं तशीच ठेवून डाव्या अंगठ्याची वरच्या सुरांची चावी दाबली, आणि तार षड्जाऐवजी तार पंचम वाजला. चूक हाताची होती, पण हाताला लहानपणापासून पेटीची सवय. तिथे सप्तक संपलं की पुन्हा तोच सा, तशाच पट्ट्या. क्लॅरिनेटवर तार सा म्हणजे निराळीच बोटं. सराव वाढवला, वही घालून बोटांचे तक्ते पाठ केले, तरी ऐन रंगात आलेल्या भजनात बोटं जुन्याच वाटेने जायची.

वाद्याचा यात दोष नाही, हवेचा तो नियमच आहे. दोन्ही वाद्यांत शेवटी नळीतली हवाच कंप पावते. त्या हवेची लांबी नळी ठरवते. बासरीत आपली फुंकर मुखरंध्राच्या धारेवर आपटून आतबाहेर हेलकावते, आणि ते रंध्र उघडंच असतं. म्हणजे नळी दोन्ही टोकांना मोकळी. तिच्यात अर्धी लाट मावते. जोरात फुंकलं की पूर्ण लाट मावते, कंपनं दुप्पट होतात, आणि दुप्पट म्हणजे बरोबर वरचं सप्तक. क्लॅरिनेटला तोंडाकडे रीड, म्हणजे एक पातळ पात असते. ती फडफडत वाट उघडत-मिटत असली तरी हवेच्या लेखी ते टोक बंदच. तिथे पाव लाट मावते, आणि त्यानंतर मावते ती थेट पाऊण. कंपनं तिप्पट. तिप्पट म्हणजे एक सप्तक आणि वर पंचम.

खात्री करायची तर नळाच्या पाइपचा वीतभर तुकडा घ्या. एका टोकाच्या कडेवरून फुंका, मग दुसरं टोक तळहाताने बंद करून पुन्हा फुंका. सूर जवळजवळ सप्तकभर खाली येतो. क्लॅरिनेटचे ते गोड खालचे सूर आणि माझी अडचण, दोन्ही याच बंद टोकातून आलेली.

यातून क्लॅरिनेटवर आणखी एक अडचणीचा सांधा तयार होतो. मधल्या सुरांपाशी एका सुराला बहुतेक बोटं उचललेली असतात आणि पुढच्याला जवळपास सगळी भोकं बंद करावी लागतात. बाजारात सर्रास मिळणारं क्लॅरिनेट काळी पाचचं. त्यावर काळी एकात वाजवलं तर हा सांधा नेमका पंचम आणि धैवताच्या मध्ये पडतो. आपल्या किती चालींत ‘प ध’ येतं ते तुम्हीच आठवून पाहा.

शहनाईलाही पात असते, मग तिचं कसं? तिची नळी शंकूसारखी, खाली रुंद होत जाणारी. अशा नळीत सूर सप्तकानेच वर चढतो. सॅक्सोफोनचंही तसंच. रीडच हवी असेल तर तिकडे जरूर पाहा.

रीडचा पावसाळ्यातला त्रास आहेच. दहाच्या खोक्यातल्या तीनचारच मनासारख्या निघतात, आणि जुलैत नीट पुसून न ठेवलेल्या रीडवर काळे ठिपके धरतात. पण तेवढ्यासाठी मी वाद्य बदललं नसतं.

बासरी सोपी आहे असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहिला स्वच्छ सूर लागायला मला तीन आठवडे लागले. पन्नालाल घोषांनी लांब बासरी मैफलीत आणली तेव्हापासून तो भरदार आवाज सगळ्यांना हवासा वाटतो, पण तेवढ्या अंतरावर बोटं पसरायला वेळ लागतो. पट्टी बदलली की बासरी बदलावी लागते; माझ्या पिशवीत कायम तीन असतात. शिवाय हवा गार झाली की सूर उतरतो. तीस अंशांवरून वीसवर आलं तर पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. उघड्या सभामंडपात हे जाणवत नाही, एसी सभागृहात पहिल्याच ओळीला कळतं. क्लॅरिनेटही उतरतं, पण त्याचं बॅरल, म्हणजे तोंडाजवळचा आखूड तुकडा, आतबाहेर करून थोडं जुळवून घेता येतं. बासरीला फक्त ओठ आणि फुंकरेची ऊब.

तरीही बुवा तार सप्तकात गेले की आता मी बोटांकडे बघत नाही. तीन भोकं मिटलेली, तोच सा, फक्त फुंकर जरा बारीक आणि जोरात. भोक अर्धवट उघडत घेतलेली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तर चाव्यांच्या वाद्यावर मला कधी साधलीच नाही. ज्यांना साधते त्यांना मी मानतो.

नोटेशन वाचून वाजवणाऱ्याला कदाचित हा त्रास होणारच नाही. माझं क्लॅरिनेट आता भाचा बँडात वाजवतो. कागदावरचा सूर आणि बोटं एवढंच नातं त्याला ठाऊक, आणि तो सुरेख वाजवतो. सरगम कानात घेऊन वाढलेल्या माणसाला मात्र मी बासरीच सुचवेन. सुरुवातीला बोटं सहज पोचतील अशी मध्यम लांबीची घ्या, आणि दुकानातच मध्य सा आणि तार सा पेटीशी ताडून पाहा. खालचा जुळतो आणि वरचा उतरतो, अशा बासऱ्या बऱ्याच निघतात.