लिंक्डइन: हळदीच्या अडतीवरून पाहिलेले

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणाऱ्या माणसाला लिंक्डइन, म्हणजे कामधंद्यातल्या ओळखी जोडणारे संकेतस्थळ, कशाला हवे, असा प्रश्न मला घरातच विचारला गेला होता. दीड वर्ष ही सेवा वापरल्यानंतर त्याचे उत्तर देण्याइतका अनुभव गाठीशी आला आहे. मला तिच्यातील सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक नावाशेजारी दिसणारा बारीक आकडा. ज्याने आपली जोडले जाण्याची विनंती स्वीकारली तो पहिल्या पायरीवर, त्याच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या पायरीवर आणि त्याहीपलीकडचा तिसऱ्या पायरीवर, असा त्याचा हिशेब आहे.

कोचीच्या एका मसाला निर्यात कंपनीला हळदीत कुर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) आणि ओलावा किती चालतो, हे मला तेथील गुणवत्ता अधिकाऱ्यांकडूनच जाणून घ्यायचे होते. त्यांचे नाव शोधले, तर शेजारी दोनाचा आकडा होता आणि मधला दुवा विट्याचा एक तरुण निघाला, ज्याची माझी ओळख एका लग्नाच्या पंगतीपुरती. त्याचे वडील केरळात गलाईचे दुकान चालवतात. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या या धंद्यासाठी आमच्या खानापूर-आटपाडी भागातील कुटुंबे देशभरातील गावोगावी जाऊन राहिली आहेत, त्यामुळे सांगलीकराचा दूरचा दुवा अनेकदा विट्यावरून जातो. जवळच्या आप्तांपेक्षा अशा वरवरच्या ओळखीच आपल्याला नव्या वर्तुळात नेतात, असे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले होते. माझ्या यादीतील यार्डातल्या चाळीसेक व्यापाऱ्यांपैकी एकही कोचीपर्यंत पोहोचत नव्हता.

मात्र दोनाचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. फेसबुकच्या ७२ कोटींहून अधिक वापरकर्त्यांच्या २०११ मधील अभ्यासात कोणत्याही दोघांमधले सरासरी अंतर ४.७४ पायऱ्यांचे भरले होते. म्हणजे अनोळखी माणूस जवळ असतो, यात नवल उरलेले नाही. अवघड आहे ते त्याच्यापर्यंत शब्द पोहोचवणे. बोस्टनच्या एका शेअर दलालापर्यंत ओळखीओळखीने टपाल पाठवण्याच्या स्टॅन्ली मिलग्रॅम आणि जेफ्री ट्रॅव्हर्स यांच्या प्रयोगात २९६ जणांपासून सुरुवात झाली आणि ६४ साखळ्या पूर्ण झाल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईमेलच्या प्रयोगात तर २४,१६३ साखळ्यांपैकी केवळ ३८४ शेवटपर्यंत गेल्या. पोहोचलेल्या साखळ्या आखूड होत्या, पण बहुतेक मध्येच तुटल्या, कारण मधल्या कोणाला तरी पुढे पाठवावेसे वाटले नाही.

मलाही याचा प्रत्यय आला. विट्याच्या त्या तरुणाला मी ओळख करून देण्याची विनंती पाठवली आणि ती बारा दिवस तशीच पडून राहिली. शेवटी त्याच्या वडिलांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले, "रात्री बोलतो त्याच्याशी, काळजी करू नका," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अधिकाऱ्यांचा नंबर माझ्या मोबाईलवर आला. नेमका माणूस कोण, हे मला लिंक्डइनने दाखवले. शब्द टाकला तो गलाईवाल्या काकांनी.

तिसऱ्या पायरीचा आकडा मला फारसा उपयोगी वाटत नाही, कारण तेथे मधली साखळी दिसत नाही आणि कोणाला फोन करावा हेच कळत नाही. पैसे भरून मिळणारी योजना मी घेतलेली नाही. माझ्या कामाला फुकटातले पुरेसे आहे. यार्डातील इतरांनी खाते उघडावे, परंतु आपल्या पेठेतल्यांनाच जोडत बसू नये. परगावी गेलेला शाळासोबती, माल नेणारा वाहतूकदार, पाहुण्यांचा शेजारी यांना आधी जोडावे.

कोचीला राजापुरी हळदीच्या दोन पुड्या पाठवल्या होत्या. कुर्क्युमिन त्यांच्या अपेक्षेएवढे निघाले, ओलावा मात्र जास्त भरला; पुढचा नमुना आणखी चार दिवस वाळवून पाठवायचा आहे.