करिअर काउन्सेलिंगचं ऑनलाइन पॅकेज : टेस्ट फालतू, मॅडम भारी

बॅकएंड डेव्हलपर आहे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पडद्यामागचा कोड लिहायचं काम, नोकरी तशी बरी चाललीय, पण लॅपटॉप उघडायचा म्हटलं की जिवावर यायला लागलं म्हणून फील्डच बदलावं का असं डोक्यात होतं आणि त्यातच हे पॅकेज घेतलं. सायकोमेट्रिक टेस्ट (आवडी-स्वभाव मोजणारी प्रश्नावली), तिचा पीडीएफ रिपोर्ट आणि काउन्सेलरबरोबर व्हिडिओ कॉलवर सेशन्स. नाव मुद्दाम देत नाहीये.

जाहिरातीत टेस्टचाच उदोउदो आहे. चकाचक डॅशबोर्ड, रंगीत षटकोन, सगळं एकदम हायफाय, पण प्रश्न वाचले की कळतं आत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडची १९५९ पासूनची, माणसांच्या कामाच्या आवडींचे सहा प्रकार पाडणारी थिअरीच आहे, इन्व्हेस्टिगेटिव्ह, आर्टिस्टिक, सोशल वगैरे. थिअरी वाईट नाही हो, पण तिच्यावरच बेतलेली ६० प्रश्नांची टेस्ट अमेरिकेच्या कामगार खात्याच्या ओ-नेट या करिअर माहितीच्या साइटवर फुकट मिळते, मग पैसे कसले घेता? रिपोर्ट म्हणे 'तुम्हाला प्रॉब्लेम सॉल्व्हिंग आवडतं'. डेव्हलपरला हे सांगायला रिपोर्ट कशाला पाहिजे! आणि सुचवलेल्या करिअरमध्ये पहिलं नाव प्रॉडक्ट मॅनेजर, त्या कामात दिवसभर नक्की काय करावं लागतं यावर एक ओळ नाही.

काउन्सेलर मॅडमनी मात्र तो रिपोर्ट बाजूलाच ठेवला. त्यांनी विचारलं, कंटाळा कोडचा आलाय की कोडच्या आजूबाजूला जे चालतं त्याचा? मला धड सांगता येईना. मग त्यांनी एक साधी शीट करायला लावली, काय काम केलं, किती वेळ गेला आणि संपल्यावर कसं वाटलं, प्लस मायनस किंवा शून्य, बस. आणि ते त्याच दिवशी लिहायचं, आठवड्याच्या शेवटी आठवून नाही. बग शोधण्यात अख्खी दुपार गेली तरी प्लस, ज्युनियरला रेस कंडिशन (दोन कामं एकाच वेळी चालून होणारा घोळ) समजावली त्याला प्लस, डिझाइन डॉक (सिस्टिम कशी बांधायची याचं टिपण) लिहिलं त्याला तर डबल प्लस (हे मलाच नवीन होतं). मायनस सगळे ऑन-कॉलच्या रात्रींना (सिस्टिम बंद पडली तर उठून बघायची पाळी) आणि मीटिंगांना, आणि एकाच तिकिटाची, म्हणजे नेमून दिलेल्या कामाची, रिक्वायरमेंट परत परत बदलली त्या दिवशी शीटमध्ये चक्क शिवी टाइप केलीय, मॅडमनी ती वाचली आणि खळखळून हसल्या. म्हणजे ज्या माणसाला मीटिंग सोसत नाहीत त्याला रिपोर्ट प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे मीटिंगांचंच काम, करायला सांगत होता.

बर्नआउटबद्दल, म्हणजे कामाने पार पिळून निघण्याबद्दल, त्यांनी नीट समजावलं. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये तो आजार म्हणून नाही तर कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणातून येणारी गोष्ट म्हणून आहे, आणि खुणा तीन, थकवा, कामाबद्दल तुटलेपणा आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. त्यांचं म्हणणं, इतकं थकलेलं असताना फील्ड सोडायचं ठरवू नका, आधी मॅनेजरशी बोलून ऑन-कॉलमधून थोडे दिवस बाहेर पडा आणि मग शीट परत भरा, तेव्हाही कोडसमोर मायनस आले तर बदलाचं बोलू. दरम्यान टेक्निकल रायटिंग (सॉफ्टवेअरची माहिती सोप्या भाषेत लिहिणं) करून बघा म्हणाल्या, गूगलचे त्यावरचे कोर्स फुकट आहेत आणि एखाद्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टच्या डॉक्समध्ये पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपण सुचवलेला बदल, टाकायला राजीनामा द्यावा लागत नाही. हे मला फार पटलं, कारण इंटरनेटवर जो तो एकतर 'सोड आणि मनासारखं कर' म्हणतो नाहीतर 'एवढा पगार कोण सोडतं' म्हणतो.

कमी कुठे पडलं तर पैशांच्या बाबतीत. नोटीस पिरियड, हाताशी किती महिन्यांची बचत हवी, नवीन फील्डमध्ये परत ज्युनियरच्या पगारावर सुरुवात करावी लागली तर काय, यावर काहीच नाही, मीच विषय काढला तर 'ते पर्सनल असतं' म्हणून टाळलं. मॅडम सॉफ्टवेअरमधल्या नाहीत, त्यामुळे ऑन-कॉल म्हणजे काय इथपासून सांगण्यात पहिल्या सेशनचा बराच वेळ गेला. आणि वेळ संपली की कॉल आपोआप कट, वाक्य अर्धवट असलं तरी. शिवाय नंतर बूटकॅम्पच्या (झटपट कोर्सच्या) ऑफरचे इतके मेसेज येतात की शेवटी अॅपचे नोटिफिकेशन बंद केले.

टेस्टला एक स्टार, मॅडमना साडेचार. ज्यांचं ठरलेलंच आहे त्यांनी यात पैसे घालू नयेत, ज्यांना आपण नक्की कशाला वैतागलोय तेच कळत नाहीये त्यांनी जरूर घ्यावं, फक्त बुक करताना पेजच्या एकदम खाली जा, तिथे बारीक अक्षरात 'ओन्ली सेशन्स' असा ऑप्शन आहे, तो टेस्टशिवाय मिळतो आणि बराच स्वस्त पडतो.